एका ठिपक्यामागे दडलेले नाव
व्हिडीओ गेममधील ‘ईस्टर एग’ची प्रथा श्रेयाच्या वादातून कशी जन्माला आली?

ईस्टरच्या सणाला पाश्चात्त्य देशांत घरोघरी एक खेळ रंगतो. मोठी माणसे रंगवलेली अंडी बागेत लपवतात आणि मुले ती शोधून काढतात. या खेळावरूनच संगणकाच्या जगात ‘ईस्टर एग’ हा शब्द रूढ झाला. गेममध्ये निर्मात्याने मुद्दाम दडवून ठेवलेला संदेश, चित्र किंवा गुप्त दालन म्हणजे ईस्टर एग. गेम जिंकण्यासाठी त्याचा उपयोग नसतो आणि सोबतच्या पुस्तिकेत त्याचा उल्लेखही नसतो. आज त्याकडे निव्वळ गंमत म्हणून पाहिले जाते. मात्र या प्रथेला नाव मिळाले, ते एका प्रोग्रॅमरने आपल्या कामावर चोरून केलेल्या स्वाक्षरीमुळे!

निर्माता एक, नाव कंपनीचे

१९७०च्या दशकाच्या अखेरीस घरगुती व्हिडीओ गेमच्या व्यवसायावर अमेरिकेतील ‘अटारी’ कंपनीचे वर्चस्व होते. १९७६ मध्ये ‘वॉर्नर कम्युनिकेशन्स’ने ही कंपनी विकत घेतली होती. त्या काळी एक गेम बहुधा एकच प्रोग्रॅमर घडवत असे. कल्पना त्याची, नियम त्याचे, चित्रे, आवाज आणि प्रोग्रॅमही त्याचाच. तरीही खोक्यावर वा पडद्यावर त्याचे नाव येत नसे. गेम कितीही खपला तरी त्याला ठरलेला पगार तेवढा मिळे. नाव झाले तर प्रतिस्पर्धी कंपन्या त्याला पळवतील आणि तो अधिक मोबदला मागेल, असा व्यवस्थापनाचा हिशेब होता.

वॉरन रॉबिनेट हे याच कंपनीतील तरुण प्रोग्रॅमर. किल्ले, भुलभुलैया, ड्रॅगन आणि हरवलेला जादूचा पेला असा मसाला असलेला ‘ॲडव्हेंचर’ हा गेम त्यांनी एकट्याने रचला. कार्ट्रिजमध्ये जागा होती अवघी ४ किलोबाइट, म्हणजे ४,०९६ बाइट. या चिंचोळ्या जागेतच रॉबिनेट यांनी आपल्या नावासाठी एक गुप्त दालन राखून ठेवले आणि सहकाऱ्यांनाही त्याचा सुगावा लागू दिला नाही.

दालनाची किल्ली म्हणजे एका पिक्सेलचा करडा ठिपका. काळ्या किल्ल्यातील भुलभुलैयात, चारही बाजूंनी बंद असलेल्या कोपऱ्यात तो ठेवलेला होता. तेथे पूल टाकूनच पोहोचता येई. शिवाय ठिपक्याचा रंग पार्श्वभूमीसारखाच असल्याने तो डोळ्यांना दिसतही नसे. हा ठिपका आणि आणखी दोन वस्तू पिवळ्या किल्ल्याजवळच्या एका ठरावीक दालनात आणल्या की, कडेची भिंत लुकलुकू लागे आणि तिच्यातून पलीकडे जाता येई. पलीकडे रंग बदलत झळकणारी अक्षरे दिसत. ‘हा गेम वॉरन रॉबिनेट यांनी निर्माण केला’ एवढाच त्यांचा अर्थ.

मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. अभंगाच्या अखेरच्या चरणात संतकवीची नाममुद्रा असतेच. फरक इतकाच की, रॉबिनेट यांना ती लपवावी लागली.

एका मुलाचे पत्र

रॉबिनेट यांनी १९७९ मध्ये नोकरी सोडली. गेम बाजारात आल्यानंतर १९८० मध्ये सॉल्ट लेक सिटीतील एका १५ वर्षांच्या मुलाचे पत्र कंपनीत येऊन धडकले. गुप्त दालन सापडल्याचे त्याने कळवले होते आणि तेथे पोहोचण्याची वाटही सांगितली होती. तोवर कंपनीला या प्रकाराचा पत्ताच नव्हता. लाखो कार्ट्रिज तयार झालेली. प्रोग्रॅम बदलून नव्याने उत्पादन करणे खर्चाचे होते. स्टीव्ह राइट या अधिकाऱ्याने वेगळाच विचार मांडला. असे काही लपलेले असले तर खेळाडूंचे कुतूहल वाढेल, मग ते राहू द्यावे. ईस्टरच्या अंड्यांसारखेच आहे! तेव्हापासून हे नाव रुळले.

नावाचा प्रश्न मात्र आधीच पेटला होता. डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन, ॲलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड हे अटारीचे चार प्रोग्रॅमर श्रेय आणि खपातील वाटा मागायला गेले. कारखान्यात कार्ट्रिज जोडणाऱ्या कामगाराइतकेच त्यांचे महत्त्व असल्याचे त्यांना ऐकवण्यात आले, असे क्रेन यांनी पुढे सांगितले आहे. १९७९ मध्ये चौघे बाहेर पडले आणि त्यांनी ‘ॲक्टिव्हिजन’ काढली. या कंपनीच्या गेमवर निर्मात्याचे नाव ठळकपणे छापले जाऊ लागले.

रॉबिनेट यांची स्वाक्षरी सर्वांत जुनी नव्हती, हे आता स्पष्ट झाले आहे. अटारीच्याच १९७७ मधील ‘स्टारशिप १’ या नाणे टाकून खेळायच्या गेममध्ये रॉन मिलनर यांनी आपल्या नावाचा संदेश लपवला होता. त्याचा उलगडा जगाला झाला २०१७ मध्ये, म्हणजे तब्बल ४० वर्षांनी!

खोडी आणि धोका

श्रेयनामावली सर्रास झाल्यावर ईस्टर एगचे रूप पालटले. १९९४ च्या ‘डूम २’मध्ये सहकाऱ्यांनी गंमत म्हणून जॉन रोमेरो यांचे मुंडके शेवटच्या राक्षसामागे लपवले. रोमेरो यांना ते सापडले, तेव्हा त्यांनी आपल्याला मारल्याशिवाय गेम जिंकता येणार नाही, असा संदेश स्वतःच्या आवाजात उलटा ध्वनिमुद्रित करून खोडीत भर घातली. २००९ च्या ‘बॅटमॅन : अर्कम असायलम’मध्ये एका भिंतीआड पुढच्या गेमची चाहूल दडवली होती. कित्येक महिने ती कोणालाच सापडली नाही. अखेर निर्मात्यांनीच गुपित फोडले.

लपवाछपवीला दुसरी बाजूही आहे. ‘मायक्रोसॉफ्ट’च्या ‘एक्सेल ९७’मध्ये चक्क विमान उडवण्याचा खेळ दडलेला होता. परंतु बँका आणि सरकारी कार्यालये ज्या प्रोग्रॅमवर विसंबतात, त्यात कोणाच्याही नोंदीत नसलेला भाग असणे धोक्याचे. त्यामुळे २००२ मध्ये सुरक्षेवर भर देणारे धोरण आल्यावर कंपनीने ही प्रथा बंद केली. २००५ मध्ये ‘ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास’चे प्रकरण गाजले. निर्मात्यांनी वगळलेला, पण डिस्कवर राहून गेलेला अश्लील प्रसंग एका हौशी प्रोग्रॅमरने उघड केला. ते ईस्टर एग नव्हते; तरीही गेमला केवळ प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र मिळाले आणि अनेक दुकानांतून तो काढून घेण्यात आला.

प्रश्न जुनाच

आज मोठ्या गेमच्या शेवटी शेकडो नावांची यादी सरकत जाते. तरीही वाद मिटलेला नाही. २०२१ मध्ये ‘मेट्रॉइड ड्रेड’ प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यावर काम केलेल्या काहींची नावे यादीत नव्हती. निर्मितीकाळाच्या किमान २५ टक्के काळ काम केलेल्यांनाच श्रेय देण्याचे धोरण असल्याचे ‘मर्क्युरीस्टीम’ या स्टुडिओने सांगितले. या व्यवसायात नवी नोकरी मागताना अशी यादीच कामाचा पुरावा ठरते. साहजिकच नाव गळणे म्हणजे केलेले काम पुसले जाणे.

रॉबिनेट यांचा करडा ठिपका स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या २०१८ च्या ‘रेडी प्लेअर वन’ या चित्रपटात कथेच्या निर्णायक वळणावर झळकला आणि नव्या पिढीला त्यांचे नाव कळले. ४ किलोबाइटमधून त्यांनी चोरलेली ती जागा अखेर सार्थकी लागली. यादीतून गळालेल्यांना मात्र आता अशी जागाही सहजी सापडत नाही.