वेगळं ताट

गेल्या रमजानमध्ये आमच्या घरी इफ्तारला पाहुणे होते. अजान झाली, सगळ्यांनी खजूर उचलला. माझ्या सोळा वर्षांच्या मुलीनेही उचलला, पाणी प्यायली आणि हात आवरून बसली. समोर कापलेली फळं होती, पण थाळ एकच. समोशांचा चुरा फळांवर सांडला होता.

त्याआधी काही महिन्यांपूर्वी तिला सिलिअ‍ॅक असल्याचं निदान झालं होतं. गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेनमुळे अशा माणसाच्या लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते. यावर उपाय एकच, तो म्हणजे जन्मभराचं पथ्य. चिमूटभर पीठही चालत नाही. मग रमजानच्या दस्तरखानावर उरतं काय? नान नाही, समोसा नाही. हलीममध्ये गहू आणि जव, शीरखुर्म्यात शेवया. बाजारच्या हिंगातही बरेचदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं.

डॉक्टरांनी पथ्य सांभाळून रोजे ठेवायला परवानगी दिली होती. प्रश्न सहरीचा होता. दिवसभर टिकेल असं, प्रथिनांचं काहीतरी हवं होतं. ज्वारीची भाकरी होतीच, पण रोज पहाटे भाकरी बघून ती तोंड फिरवायची. तिला हवं होतं बेगल. बेगल म्हणजे मधे भोक असलेला गोल पाव, मूळ पोलंडमधल्या ज्यू समाजाचा. क्राकोव शहरातल्या ज्यूंच्या 1610 सालच्या नियमांत त्याचा उल्लेख सापडतो.

पीठ मी गिरणीतून आणणार होते. शेजारच्या काकूंनी अडवलं. म्हणाल्या, "अगं, तिथे आधी गहूच दळलेला असतो. आमची उपवासाची भाजणी मी म्हणूनच घरी मिक्सरवर फिरवते." मी ज्यांना ज्यांना ग्लुटेन समजावून थकले होते, त्यांत काकूंना मात्र काहीच समजवावं लागलं नाही. उपवासाचं पीठ, वेगळा डबा, वेगळी चाळण हे त्यांच्या हाताला वर्षानुवर्षं ठाऊक होतं. तेव्हापासून ज्वारी, तांदूळ आणि चणाडाळ मी निवडून, धुऊन, वाळवून घरीच दळते.

खऱ्या बेगलची कणीक आधी उकळत्या पाण्यातून काढतात. ग्लुटेन हा पिठाला धरून ठेवणारा चिकटपणा. तो नसेल तर कणीक पाण्यात सुटते. माझी पहिली खेप अशीच पातेल्यात विरघळली. आता मी उकळत नाही आणि चिकटपणासाठी इसबगोल वापरते.

15 ग्रॅम इसबगोल 100 मिली पाणी आणि 200 ग्रॅम चक्क्यात कालवून दहा मिनिटं ठेवावं. त्यात 100 ग्रॅम चणाडाळीचं पीठ, 100 ग्रॅम ज्वारीचं, 50 ग्रॅम तांदळाचं, एक अंडं, दोन छोटे चमचे बेकिंग पावडर (वेष्टनावरचे घटक वाचूनच घ्यावी) आणि मीठ घालून मळावं. अर्धा तास झाकून ठेवावं. ओल्या हाताने सहा कडी वळावीत, वर तीळ किंवा कलौंजी लावावी. 190 अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये अर्धा तास तरी भाजावं. पूर्ण थंड झाल्यावरच कापावं, गरम असताना आतून ओलसर लागतं. एका बेगलमध्ये अंदाजे 10 ग्रॅम प्रथिनं मिळतात. रात्री भाजून ठेवलं की सहरीला तव्यावर शेकून, अंड्याबरोबर किंवा पनीर लावून खाता येतं.

खरं सांगायचं तर मैद्याच्या बेगलची लवचीक चव याला नाही. चणाडाळीचा वास थोडा राहतो. मुलगी मात्र आवडीने खाते.

यंदा इफ्तारचा थाळ आम्ही बदलला. फळं, चणे, बेगलचे तुकडे, तांदळाच्या पिठातली भजी. सगळं तिला चालणारं. तीही सगळ्यांबरोबर त्याच थाळात हात घालते. धाकट्याच्या हट्टापायी समोसे राहिलेच. पण आता वेगळं ताट समोशांचं असतं.