कारखान्याच्या यार्डातलं गणित

ऑपरेशन्स मॅनेजमेंटच्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात मोटारींचे कारखाने भेटतात. मला विचाराल तर गाळप हंगामात एखाद्या साखर कारखान्याच्या यार्डात जावं.

तोडलेला ऊस पडून राहिला की वाळतो, त्यातली साखर घटते आणि उतारा घसरतो. म्हणून शेतकी विभाग लागणीच्या तारखेनुसार तोडणीचा कार्यक्रम आखतो, टोळ्या पाठवतो. पण सगळ्या टोळ्यांचा ऊस एकदम आला, की वजनकाट्यापाशी ट्रॅक्टरांची रांग लागते. समजा, कारखाना दिवसाला ५,००० टन गाळतो आणि यार्डात २,००० टन ऊस उभा आहे. २,००० भागिले ५,००० म्हणजे ०.४ दिवस, साधारण साडेनऊ तास थांबणं आलंच. साठा भागिले गाळपाचा वेग म्हणजे थांबण्याचा वेळ, हा लिटलचा नियम. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये तो सिद्ध केला. बँकेच्या रांगेलाही तोच लागू पडतो.

बरं, यार्ड रिकामं ठेवावं का? तेही नाही. रात्री ऊस कमी आला आणि गिरणीला ऊस पुरवणारी गव्हाण रिकामी पडली, तर अख्खी गिरणी थांबते. थोडा साठा हवाच. किती, हाच खरा प्रश्न.

दुसरी गोष्ट काम अडतं त्या जागेची. रस आटवणारी यंत्रणाच अपुरी असेल, तर नवी गिरणी बसवून साखर वाढत नाही, नुसता रस तुंबतो. संचालक मंडळाला मात्र उद्घाटनासाठी गिरणीच बरी दिसते! विद्यार्थ्यांनी खर्चाला मंजुरी देण्याआधी काम नेमकं कुठे अडतं, ते स्वतः उभं राहून पाहावं.