गिअरदांड्याची कैफियत: गैरसमज आणि वस्तुस्थिती

कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात घडलेली जुनी फियाट किंवा पद्मिनी ज्यांनी देऊळगाव राजासारख्या गावी अद्याप जिवापाड जपली आहे, त्यांची नित्याची तक्रार इंजिनाविषयी नसून स्टिअरिंगच्या खांबालगतच्या गिअरदांड्याविषयी असते. आणि या तक्रारीचा तपास होण्यापूर्वीच निवाडा देण्याची घाई बहुधा केली जाते.

गैरसमज: दांडा ढिला झाला, म्हणजे गिअरबॉक्स निकामी झाला.
वस्तुस्थिती: हा दांडा गिअरबॉक्समध्ये थेट शिरत नाही, त्याची हालचाल सळ्या, तरफा आणि सांध्यांतील बुश यांच्या मध्यस्थीने खाली पोहोचते. बुश झिजले की हाताची बरीचशी हालचाल वाटेतच विरते आणि अल्प खर्चात निभावणाऱ्या दोषासाठी नाहक गिअरबॉक्स उतरविला जातो.

गैरसमज: गिअर पडताना खरखर झाली, की सळी आवळावी.
वस्तुस्थिती: प्रथम इंजिन बंद ठेवून सर्व गिअर टाकून पाहावेत. तेव्हा ते सुरळीत पडत असतील आणि इंजिन चालू होताच खरखरत असतील, तर क्लच पुरता सुटत नाही, असा संशय प्रथम घ्यावा. बंद इंजिनावरही दांडा अडत असेल, तर सांधेजोडणी तपासावी. शिवाय, फियाट ११००च्या मूळ चार गिअरांच्या रचनेत सिंक्रोमेशची, म्हणजे गिअर पडताना वेग जुळवून घेण्याची, सोय वरच्या तीनच गिअरांना होती. म्हणून देऊळगाव राजाच्या आश्विनातील बालाजीच्या यात्रेच्या गर्दीत, गाडी पुरती थांबण्याआधीच पहिला गिअर घालू पाहणाऱ्यास ऐकू येणारी खरखर हा दोष नव्हे, ती त्या रचनेची मर्यादा आहे.

गैरसमज: जुळणी म्हणजे केवळ नट आवळणे.
वस्तुस्थिती: झिजलेले बुश न बदलता केलेली जुळणी टिकत नाही. गाडी सपाट जागी उभी करून, चाकांना अडण लावून आणि केवळ जॅकच्या भरवशावर खाली न शिरता, सळीच्या आट्यांवर मूळ स्थितीची खूण करावी. नंतर वरचा दांडा आणि गिअरबॉक्सवरील तरफ ही दोन्ही न्यूट्रलमध्ये ठेवून, सळीचे टोक ओढाताणीशिवाय आपल्या खुंटीवर बसेल इतकीच तिची लांबी कमीअधिक करावी आणि चेकनट घट्ट करावा. चाचणी पुन्हा इंजिन बंद असतानाच घ्यावी.

गैरसमज: चालता चालता गिअर निसटतो, तो सळीमुळेच.
वस्तुस्थिती: सळीची लांबी चुकल्याने गिअर अर्धवट बसतो आणि निसटतो, हे खरे, परंतु जुळणी यथास्थित होऊनही तो निसटत राहिला, तर गिअरबॉक्सच्या आतील स्प्रिंग किंवा दात झिजल्याचा संभव बळावतो आणि गिअरबॉक्स उघडण्याची तजवीज तेव्हाच समर्थनीय ठरते. क्लच, बुश, सळी आणि अखेरीस गिअरबॉक्स, हा तपासाचा क्रम ज्या मेस्त्रीने पाळला, त्याच्या हाती गाडी निःशंक सोपवावी.