आई-बाबांच्या एफडीतले किती पैसे खरंच सेफ आहेत?

आमच्या वसई-विरारमध्ये निवृत्त जोडपी भरपूर. मुंबईतली खोली विकून इथे फ्लॅट घेतला, उरलेले पैसे एफडीत टाकले आणि व्याजावर घर चालवतात. त्यांना शेअर बाजाराची भीती वाटते, बँकेची नाही.

२३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने पीएमसी बँकेवर निर्बंध घातले. खात्यात कितीही असो, सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढता येणार होते! ही मर्यादा पुढे वाढत गेली, तरी १ लाखापर्यंत पोचायला जून २०२० उजाडला. बँकेचं बहुतेक कर्ज एचडीआयएल या एकाच बिल्डर ग्रुपला गेलं होतं. विरारमध्येही त्यांचे प्रोजेक्ट आहेत.

आपल्यासारख्या टेकवाल्यांनी वाचावं असं पुढे आहे. पोलीस तक्रारीनुसार ही कर्जं लपवायला २१,०४९ बोगस खाती दाखवली, आणि ती कोअर बँकिंग सिस्टिममध्ये नव्हतीच. फक्त रिझर्व्ह बँकेला दिलेल्या यादीत होती. म्हणजे ग्राहकाला बॅलन्स बरोबरच दिसत होता. बँकेची तब्येत अ‍ॅपवर दिसत नाही.

मग बघायचं काय? डीआयसीजीसीचा विमा. एका बँकेत एका व्यक्तीला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत. ४ फेब्रुवारी २०२० च्या आधी हा आकडा १ लाख होता. २०२१ च्या दुरुस्तीमुळे आता निर्बंध लागल्यावर साधारण ९० दिवसांत हे पैसे मिळायला हवेत. पीएमसी जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. ५ लाखांवरची रक्कम मात्र टप्प्याटप्प्याने, १० वर्षांपर्यंत.

वसई, नालासोपारा, विरार अशा तीन शाखांत पैसे वाटले तरी बँक एकच, म्हणून बेरीजही एकच. पण नावांचा क्रम मोजला जातो. बाबांचं एकट्याचं खातं, आईचं एकटीचं, बाबा-आई जॉइंट आणि आई-बाबा जॉइंट, ही चार वेगळी धरतात. त्यामुळे एकाच बँकेत या जोडप्याला २० लाखांपर्यंत विमा मिळू शकतो. म्हणून पहिलं नाव कोणाचं आहे ते प्रत्येक एफडीच्या पावतीवर बघा.

पतसंस्थेला हा विमा नाहीच, मग पाटीवर व्याजदर कितीही मोठा असो. आपली बँक विमाधारक आहे का, ते डीआयसीजीसीच्या वेबसाइटवरच्या यादीत दोन मिनिटांत सापडतं.