बालवाडी आणि घरचे सूप

माध्यमिक शाळेच्या वार्षिकांकात एका हायस्कूल-शिक्षकाने बालवाडीविषयी लिहावे, याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु आठवीच्या वर्गात उभे केले असता मान खाली घालून मुकाट राहणारा विद्यार्थी पाहिला, की याचे हे मौन केव्हा सुरू झाले असावे, असा विचार माझ्या मनात येतो. आणि त्याचे उत्तर पुष्कळदा आठवीत नसून त्याच्या चौथ्या-पाचव्या वर्षात सापडते. शिवाय, विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी अनेकांच्या घरी धाकटे भावंड आहे. आई तुरीच्या रानात गेली म्हणजे त्याचे शिक्षक तुम्हीच असता. तेव्हा हा विषय वाटतो तितका परका नाही.

प्रथम माझीच चूक सांगतो. माझी मुलगी चार वर्षांची झाली तेव्हा मी तिच्यासाठी पाटी, पेन्सिल आणि ठिपके जोडून अक्षरे गिरवण्याचे एक पुस्तक आणले. मी शिक्षक, माझी मुलगी पहिलीत जाण्यापूर्वी लिहिती झाली पाहिजे, हा माझा हट्ट. रोज संध्याकाळी तिला समोर बसवून मी ‘अ’ गिरवून घेत असे. पंधरा दिवसांत पेन्सिल दिसेनाशी झाली. शोधता शोधता ती पिठाच्या डब्यामागे सापडली, आणि मुलगी शेजारच्या अज्जींच्या ओसरीवर. मी रागावून ओढून आणू लागलो, तेव्हा अज्जी म्हणाल्या, “राहू द्या की सर. लेकराचा हात अजून कवळा हाय.”

अज्जींना अक्षरओळख नाही. घरी कन्नड, बाजारात मराठी, शेजारणीशी दखनी, अशी या सीमाभागातील अनेक वृद्धांची भाषा असते तशीच त्यांची. त्या सुपात तूर निवडत होत्या आणि माझी मुलगी बोटाच्या चिमटीत एकेक खडा धरून बाजूला ठेवीत होती. पंधरा दिवस जी मुलगी पाटीसमोर क्षणभर स्थिर बसली नाही, ती तेथे अर्धा तास हलली नव्हती.

‘हात कवळा आहे’ हे अज्जींचे म्हणणे शास्त्राच्या कसोटीस उतरते. मनगटात आठ लहान हाडे असतात. चौथ्या वर्षी त्यांतील काही अद्याप कूर्चारूपच असतात. बोटांचे बारीक स्नायूही पुरते ताब्यात आलेले नसतात. अशा हातास पेन्सिल धरून अक्षराचे वळण साधावयास लावणे म्हणजे नुकत्याच रांगू लागलेल्या मुलास जिना चढावयास सांगण्यासारखे आहे. याउलट अंगठा, तर्जनी आणि मध्यमा यांच्या चिमटीत धान्याचा दाणा उचलताना नेमका तोच हात घडत असतो, ज्याने पुढे पेन्सिल धरावयाची आहे. डॉ. मारिया माँटेसरी यांनी सन १९०७ मध्ये रोम शहरातील सान लोरेंझो या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले, तेव्हा त्यांनी हेच हेरले होते. त्यांच्या बालगृहातील मुले पाणी ओतत, गुंड्या लावीत, झाडून काढीत; लहानमोठे ठोकळे रचीत. गुलाबी मनोऱ्याचे त्यांचे दहा ठोकळे एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत चढत जातात. मुलाने ते उतरत्या क्रमाने रचले, की ‘मोठे’ आणि ‘लहान’ हे शब्द सांगण्यापूर्वीच त्याच्या तळहाताला कळलेले असतात.

परंतु असे साहित्य विकत घ्यावयाचे तर महाग. मग आपल्यासारख्यांनी काय करावे? हा प्रश्न आपल्याआधी एका मराठी स्त्रीला पडला होता, आणि तिने त्याचे उत्तर आयुष्य वेचून शोधले. त्या म्हणजे ताराबाई मोडक. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी सन १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. गिजुभाई मूळचे वकील. पुढे मुलांचे इतके झाले की गुजरातेत त्यांना ‘मिशाळ आई’ म्हणू लागले. ताराबाई त्यांच्या कार्यात सहभागी झाल्या. सन १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पुढे मुंबईत दादर येथे त्यांनी शिशुविहार चालविला. तथापि शहरातील सुखवस्तू मुलांपुरते हे शिक्षण राहावे, हे त्यांच्या मनास पटेना. सन १९४५ मध्ये त्या त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या. तेथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. तेराव्या वर्षी विवाह आणि लगोलग वैधव्य अशा आघातातून उठून शिक्षिका झालेल्या या बाईंनी पुढील सारे आयुष्य त्याच कामी लावले.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण हरिजनवाड्यातील मुले येईनात. पुष्कळांनी येथेच हात टेकले असते आणि पालकांस दोष दिला असता. ताराबाईंनी उलट केले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा मुलांच्या अंगणात नेली. त्या अंगणात भरणाऱ्या वर्गाचे नाव अंगणवाडी. सन १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम सुरू झाले. तेथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली. माँटेसरीबाईंच्या मौल्यवान साहित्याची जागा शिंपले, बिया, पाने, खडे, माती यांनी घेतली. तत्त्व तेच, वस्तू मात्र त्या मुलांच्या रोजच्या ओळखीच्या. ज्या वस्तूला मूल घरी हात लावते तीच शाळेत दिसली, म्हणजे शाळेचे भय निम्मे ओसरते, हा यातील लाभ मला पैशाच्या बचतीपेक्षाही मोठा वाटतो.

पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनी सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांसाठी अंगणवाडी हाच शब्द देशभर गेला. त्या पहिल्या प्रकल्पांपैकी एक आपल्या कर्नाटकातील टी. नरसीपूर येथे होता. आज बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतील गावोगावी अंगणवाडी दिसते. पण आपल्यापैकी बहुतेकांस ती आहार मिळण्याची जागा एवढीच ठाऊक असते.

आता आपल्या भागाच्या खास अडचणीकडे वळतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची फाळणी भाषावार झाली. बिदर जिल्ह्यातून उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मराठवाड्याकडे गेले आणि भालकी, औराद, हुमनाबाद हे तत्कालीन म्हैसूर राज्यात आले. रेषा नकाशावर ओढली गेली. घराघरांतून ती कशी ओढणार? येथे आई मराठी बोलते, अंगणवाडीतील बाई कन्नड बोलतात, गल्लीत दखनी चालते, तांड्यावर लंबाणी. पालक घाबरून म्हणतात, “सर, एवढ्या भाषांत पोराचा गोंधळ होईल, आम्ही घरी काही न बोललेलेच बरे.”

पालकबंधुभगिनींनो, ही भीती मी जाणतो. माझे बालपण गोव्यात डिचोली तालुक्यात गेले. घरी कोंकणी, शाळेत मराठी. पहिलीत तहान लागली म्हणून मी ‘उदक’ मागितले आणि वर्ग हसला. ज्ञानेश्वरीत आदराने वावरणारा तो शब्द त्या दिवशी मला गावंढळ वाटला. त्यानंतर कितीतरी दिवस मी शाळेत पाणीच मागितले नाही. गोंधळ भाषेने केला नव्हता. हसण्याने केला होता.

हे अनुभवले असूनही, माझी मुलगी अज्जींच्या सुपातील खडे ‘ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु’ असे मोजू लागली, तेव्हा मी पुन्हा अस्वस्थ झालो. मराठी अंक यायचे तर हे काय? पण नीट पाहिले तेव्हा उलगडले. तिने पाच खडे कन्नडमध्ये मोजले, मी विचारले, “किती?” ती म्हणाली, “पाच.” म्हणजे ‘पाचपणा’ तिच्या मनात एकच होता, त्याला वस्त्रे मात्र दोन. संख्या ही कल्पना एकदा हाताने कळली, की तिचे नाव कोणत्याही भाषेत घेता येते. इतकेच नव्हे, तर येथे कन्नड आपल्या मदतीस येते. ‘इप्पत्तु’ म्हणजे वीस, आणि ‘इप्पत्तोंदु’ म्हणजे वीस आणि एक. आधी दशक, मग एकक, जसे आपण अंकात लिहितो तसे. मराठीत ‘एकवीस’ म्हणताना एक आधी येतो आणि लिहिताना मात्र दोन आधी. शिवाय एकोणतीस ऐकून मुलाने ३९ लिहिले तर दोष सर्वस्वी त्याचा नाही. महाराष्ट्रात बालभारतीने सन २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ अशीही वाचनपद्धती दिली, तेव्हा केवढा वाद माजला! आपल्या मुलांना ती सोय शेजारच्या ओसरीवर फुकट मिळते.

म्हणून घरी जी भाषा आहे ती भरभरून बोलावी. सन २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे, असे म्हटले आहे. मुलाशी बोलण्यास वेगळा तास लागत नाही. भाकरी थापताना “ही मोठी की ती?” असे विचारावे. लोटा आणि वाटी देऊन “किती वाट्यांनी लोटा भरेल?” हे त्यालाच करू द्यावे, पाणी सांडले तर फडकेही त्याच्याच हाती द्यावे. तूर, हरभरा, ज्वारी मिसळून तीन वाट्यांत वेगळी करू द्यावी. डबीत खडे आणि दुसऱ्या डबीत धान्य घालून आवाज ओळखावयास लावावे. कान तयार झाला नाही तर ‘त’ आणि ‘थ’ पुढे वेगळे ऐकू येत नाहीत. आजीने कोडे घालावे, गोष्ट सांगावी आणि मध्येच थांबून “मग काय झाले?” असे विचारावे. मात्र विचारल्यावर उत्तराची वाट पाहावी. आम्हा शिक्षकांना हेच सर्वांत कठीण जाते. तीन वर्षांखालील मुलाजवळ मात्र दाणे, चिंचोके ठेवू नयेत. ती नाकात-तोंडात घालतात. मोठ्या मुलांजवळही कोणी तरी बसलेले असावे.

माझ्या मुलीची पाटी वर्षभर फळीवर पडून होती. पाचव्या वर्षी तिने ती स्वतःच काढून मागितली, आणि पहिले अक्षर ‘अ’ नव्हे, अज्जींच्या सुपाचे चित्र काढले.

यंदा आमच्या नववीच्या वर्गाने गावातील अंगणवाडीसाठी असे साहित्य जमविण्याचे ठरविले आहे. वाट्यांचे दोन संच, जुन्या साडीच्या गुंड्यापट्ट्या आणि आवाजाच्या सहा जोड डब्या तयार आहेत. चिंचोके मात्र कमी पडत आहेत. ज्यांच्या घरी चिंच फोडली जाते, त्यांनी ते धुऊन, वाळवून पिशवीत घालून शाळेत पाठवावे.