थंड इंजिनाची कुरकुर

शेवगाव परिसरात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा ८-१० अंशांपर्यंत उतरतो. एरवी मुकाट चालणाऱ्या गाड्या याच दिवसांत सेल मारताना कुरकुरतात. इंजिन उशिरा पेट घेते, घेतला तरी थरथरते, मिसिंग मारते आणि दोन-तीन मिनिटांनी काही झालेच नव्हते असे सुरळीत चालू लागते. दोष थंडीच्या माथी जातो. तो तिचा फारसा नसतो. लडाखच्या हिवाळ्यात साधे डिझेल टाकीतच घट्ट होते, म्हणून इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास डिझेल तिथे आणले. शेवगावच्या गारठ्यात तसे काही घडत नाही. इथे धडधाकट इंजिन एक-दोन सेकंदांत सुरू व्हायलाच हवे. तसे होत नसेल तर आधीपासून मुरलेले दुखणे थंडीने फक्त उघडे पाडलेले असते.

शोध घेताना पहिली अडचण वेळेची. गाडी दहा वाजता गॅरेजला पोचते तोवर इंजिन तापलेले असते आणि लक्षण पळालेले असते. म्हणून गाडी रात्रभर गॅरेजमध्येच ठेवून सकाळचा पहिला सेल मेकॅनिकने स्वतः मारणे, ही निम्मी तपासणी होय.

सेल मारल्यावर इंजिन जड, ओढत फिरत असेल तर संशय बॅटरीवर. बॅटरी खरी खंगते ती उन्हाळ्यात, पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा. मरते मात्र हिवाळ्यात, कारण गारठ्यात तिची ताकद घटते आणि त्याच वेळी ऑइल घट्ट होऊन इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाब दिसावा; १२.२ म्हणजे ती जेमतेम अर्धी भरलेली. सेल मारताना दाब साडेनऊच्या खाली घसरला तर बॅटरी थकली आहे किंवा टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर चढला आहे. थर गरम पाण्याने साफ करून पाहण्याआधी नवी बॅटरी घेणे ही उधळपट्टीच. १५डब्ल्यू-४० सारखे ऑइल थंडीत ५डब्ल्यू-३० पेक्षा जड फिरते, पण ऑइल बदलताना कंपनीने सांगितलेलाच दर्जा घ्यावा.

इंजिन जोरात फिरते पण पेट घेत नाही, असे असेल तर इंधनाकडे वळावे. यावर एक फुकटची चाचणी आहे: चावी फक्त ‘ऑन’ करून दोन-तीन सेकंद थांबायचे, बंद करायची, असे दोन-तीनदा केल्यावर सेल मारायचा. आता गाडी झटक्यात सुरू झाली, तर रात्रीत लाइनमधला दाब उतरतो आहे. पंपातली झडप गळत असते किंवा नोझल ठिबकत असते. नोझल ठिबकत असेल तर सुरू होताना काळा धूर आणि पेट्रोलचा वास येतो.

सर्वांत फसवा दोष कूलंटच्या तापमान सेन्सरचा. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून गाडीचा संगणक सुरुवातीला जास्त पेट्रोल सोडतो. जुन्या गाड्यांत हे काम चोक करी. सेन्सर बिघडून ८ अंशांना ८० अंश सांगू लागला की जास्तीचे पेट्रोल मिळतच नाही. मीटरवरचा दिवा लागेलच असे नाही. सकाळी सेल मारण्यापूर्वी स्कॅनर लावावा: कूलंट आणि आत येणारी हवा यांच्या तापमानाचे आकडे जवळपास सारखे हवेत. मोठा फरक दिसला तर चोर सापडला. हे न पाहताच प्लग, कॉइल, पंप असे एकेक बदलत बिल फुगवण्याची रीत अनेक ठिकाणी दिसते.

सुरू होते पण थरथरते, ही तक्रार बहुधा झिजलेले प्लग, थ्रॉटल बॉडीवरचा कार्बन किंवा कडक होऊन चिरलेली रबरी नळी यांची. नळीतून शिरणारी जास्तीची हवा मिश्रण पातळ करते. रबर तापून फुगले की चीर मिटते आणि दोष दुपारी सापडत नाही. जायकवाडी धरणाच्या फुगवट्यालगत धुके पडले की जुन्या कॉइलवर दव धरते आणि ठिणगी भलतीकडेच उडते.

सीएनजी गाड्यांचे दुखणे वेगळे. बहुतेक गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात. पैसे वाचवायला टाकीत तळाशी राखलेले दोन-तीन लिटर पेट्रोल महिनोन्‌महिने शिळे होते आणि नोझलमध्ये चिकट थर धरते. अधूनमधून ताजे पेट्रोल भरून थोडे अंतर त्यावरच चालवणे हाच उपाय. उसाच्या या पट्ट्यात पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉललाही दोष दिला जातो. त्याच्या बाष्पीभवनाला पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते हे खरे. निव्वळ इथेनॉलवरच्या ब्राझिलियन गाड्यांना म्हणूनच सुरुवातीपुरती पेट्रोलची छोटी टाकी असे. पण २० टक्के मिश्रणाचा परिणाम इथल्या थंडीत किरकोळच.

डिझेल गाडीत ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेतच इंधन पेटते आणि थंडीत हीटर प्लग मदत करतो. एखादा प्लग गेला की सुरू होताना पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येतो आणि इंजिन तीनच पायांवर चालल्यासारखे हलते. मल्टिमीटरवर चांगला प्लग साधारण एक ओहम किंवा त्याहून कमी रोध दाखवतो, मेलेला काहीच दाखवत नाही. तो काढताना इंजिन कोमट असावे. थंड, गंजलेला प्लग हेडमध्येच तुटतो आणि दहा मिनिटांच्या कामासाठी हेड उतरवावे लागते.

हे सगळे ठीक असूनही सकाळ जड जात असेल, तर कॉम्प्रेशन मोजावे. रिंगा किंवा व्हॉल्व्ह झिजल्याचे त्यातून कळते.