गाणे मनाचे काय करते?

पिकाला खत किती, पाणी किती, हे आम्ही तुम्हाला नेहमीच सांगतो. आज थोडे मनाच्या मशागतीबद्दल बोलू.

कांद्याचा भाव पडला, तयार द्राक्षांवर अवकाळी पाऊस झाला, की घरात पहिला शिरतो तो अबोला. कर्त्या माणसाच्या घशाखाली घास उतरत नाही. अशा वेळी गाण्याची गोष्ट काढणे कुणाला थट्टा वाटेल. आपल्या आज्या-पणज्यांना ती थट्टा वाटत नव्हती.

जात्याची आठवण काढा. पहाटे दोघी जावा खुंटा धरून बसत आणि जात्याच्या घरघरीवर ओवी सुरू होई. सासरचा जाच, लेकराचे दुखणे, माहेरची ओढ, जे सासूपुढे बोलता येत नसे ते जात्यापुढे गाता येई. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेवल्या आहेत. पुढे पिठाची गिरणी आली, बायकांचे कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. पण मन मोकळे करण्याची एक जागाही त्याबरोबर गेली.

गाण्याने मन हलके का होते? पहिले कारण सूर आणि ताल. गाताना श्वास चटकन घेऊन सावकाश सोडावा लागतो आणि सावकाश श्वासाने छातीची धडधड उतरते. इटलीतील डॉक्टरांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की जलद लयीचे संगीत ऐकताना श्वास आणि नाडी वाढते, तर संगीत मध्येच थांबले की त्या शांततेत ती खाली येते. दुसरे कारण शब्द. सूर मनाला हलवतो, पण आपल्याला नेमके काय सलते आहे ते शब्द सांगतात. दुसरीची ओवी ऐकताना बाईला कळते, की हे दुःख माझ्या एकटीच्या वाट्याला आलेले नाही.

आपल्याच जिल्ह्यात पाहा. पौष वद्य एकादशीला संत निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वरला दिंड्या येतात. पायी चालून थकलेला वारकरी टाळ-मृदंगाचा ठेका धरताच पुन्हा पाऊल उचलतो, कारण शेजारच्याचे पाऊलही त्याच ठेक्यावर पडत असते. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) मोठेपणी अक्षरे शिकले आणि गावोगाव हिंडून आंबेडकरी विचारांची गाणी गात राहिले. पिढ्यान्‌पिढ्या अपमान सोसलेल्या माणसांना त्या गाण्यांनी मान वर करून उभे राहायला शिकवले. म्हणजे ओवीने दुःखाला वाट दिली, दिंडीने सोबत दिली आणि शाहिराने त्याच दुःखाची जिद्द केली.

मात्र पाण्यासारखेच गाण्याचेही आहे. वाफसा न पाहता पाणी देत राहिलात तर मुळे कुजतात. रात्री एकट्याने मोबाईल कानाला लावून तेच ते रडके गाणे पुन्हा पुन्हा ऐकले, तर मन मोकळे होण्याऐवजी त्याच विचारात रुतत जाते. एखादे दुःखाचे गाणे जरूर ऐका, डोळे भरून आले तर येऊ द्या. पण ते ऐकून झाले की घरच्यांशी दोन शब्द बोला.

तेव्हा आठवड्यातून एक संध्याकाळ घरासाठी ठेवा. आजीला ओव्या येत असतील तर तिला म्हणायला लावा, सुनेने आणि नातवंडांनी त्या वहीत उतरवून घ्याव्यात. गावात भजनी मंडळ असेल तर घरच्या अबोल माणसाला सोबत घेऊन जा. आवाज कसा आहे, हे कुणी विचारत नाही.

आणि एक लक्षात ठेवा. झोप उडाली आहे, जेवण सुटले आहे, जगण्यात राम नाही असे कुणी बोलत आहे, तर नुसत्या गाण्यावर विसंबू नका. त्या माणसाला एकटे सोडू नका, त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडे न्या. पीक पुढच्या हंगामात पुन्हा घेता येते, पण घरचे माणूस गेले तर परत येत नाही.